ऐकल्यापासून सुतक

आमच्या घरातली भिक्षुकी पाच पिढ्यांची. ती माझ्यापाशी आली आणि दमून बसली. मला सत्यनारायण येतो, गणपती बसवता येतो, मोठ्या होमात मागे बसून 'स्वाहा' म्हणता येतं. त्यापुढे माझी मजल नाही. म्हणून मी मलकापूरला एका शाळेत लिपिक झालो, आणि दर मे महिन्यात शाळेला सुटी लागली की बाबांचा ड्रायव्हर. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. लोक त्यांना महाराज म्हणतात आणि मला, बावन्नाव्या वर्षीही, 'महाराजाचा पोरगा'.

लग्नात बाबांचं काम म्हणजे मंगलाष्टकं, असं लोकांना वाटतं. तो फक्त माइकवरून ऐकू येणारा भाग. त्याआधी हळकुंडं कुठे ठेवली, आंब्याचा डहाळा कोण आणणार होतं आणि तो अजून झाडावरच का आहे, याचा तपास करायचा. नवरदेव वरातीत नाचतोय, मुहूर्त टळतोय, तर घड्याळाकडे न बघता दोन्हीकडच्या बापांना गार ठेवायचं. रुसलेल्या मामाला हाताला धरून अंतरपाटाशी आणून उभं करायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे सुतकाचा निवाडा. कुणाच्या घरी कोण गेलं, त्याचं सुतक कुणाला लागतं, किती दिवस, हे उभ्या उभ्या सांगायचं. सुतक असलेल्या माणसानं लग्न लावायचं नाही आणि लावून घ्यायचंही नाही. आणि ऐन लग्नाच्या सकाळी कुणाच्या तरी नात्यातलं कुणीतरी जातं, असं दर उन्हाळ्यात एकदा तरी होतंच.

त्यावर बाबांचा एक तोडगा होता. मोताळ्याकडच्या एका लग्नात मी तो प्रत्यक्ष पाहिला. नवरदेवाचे सख्खे काका अकोल्याच्या दवाखान्यात वारले. फोन आला तो नवरदेवाच्या मामाला, म्हणजे ज्याला त्याचं सुतक नाही अशा एकुलत्या एका माणसाला. तो घामाघूम होऊन मांडवामागे बाबांकडे आला.

बाबांनी विचारलं, "कोणाकोणाले सांगितलं?"

"कोणालेच नाही, महाराज. तुम्हालेच."

"मंग मलेही नाही सांगितलं. समजलं? सुतक मेल्यापासून नसते, ऐकल्यापासून असते. अक्षता पडू दे, जेवणं होऊ दे, मंग सांगजो. जा, तोंड पुसून घे, अन् हसत राहा जरासा."

तो बिचारा दिवसभर असा हसत होता की लोकांना वाटलं, याला ऊन लागलं.

हा किस्सा मी घरच्या बैठकीत किती वेळा सांगितला असेल! मामाचं ते हसणं मी फार चांगलं करतो. बाबा समोर असले की कौतुकानं बघायचे. या एका नियमावर बाबांनी कितीतरी संसार वेळेवर उभे केले, असं मी सांगायचो. ज्याला सांगितलं नाही त्याचं काय होतं, हे माझ्या किश्शात कधी येत नसे. किस्सा मामाच्या हसण्यावर संपायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही दुसरबीडला होतो. यजमान मूळचे आमच्या भागातले, पण शेती तिकडे. घरातलं कोणतंही कार्य बाबांशिवाय करायचे नाहीत. मुलीचं लग्न, दुपारी बारा पंचवीसचा मुहूर्त. आम्ही साडेआठच्या आत पोचलो. बाबा देवकाला बसले आणि मी मांडवाबाहेर अक्षतांच्या पुड्या बांधत बसलो. बाबांचा मोबाइल नेहमीसारखा माझ्याकडे. पूजेला बसलेल्या माणसाच्या कमरेत फोन वाजणं त्यांना आवडत नाही.

दहाच्या सुमाराला त्यांच्या फोनवर आतेभावाचा फोन आला. सोनाळ्याहून.

"आई गेली रे," तो म्हणाला. "चहा पेता पेता. मी म्हटलं ठसका लागला."

आत्या बाबांची एकुलती बहीण, चार वर्षांनी धाकटी. हिवाळ्यापासून तब्येत खालीवर होती. आठ दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता, "भाऊ, येऊन जा एकदा." बाबा म्हणाले होते, "एवढ्या तिथी उरकतो अन् येतो. चांगला चार दिवस राहतो." ती म्हणाली होती, "तुमच्या तिथी काही सरत नाहीत." दोघंही हसले होते.

"मामाले घेऊन ये," आतेभाऊ सांगत होता. "सगळे म्हणतात, भाऊ आल्याबिगर न्यायचं नाही. बर्फ आणला आम्ही. अन् लुगडं घ्या वाटेत."

लेक सासरी गेली की तिच्यावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भावानं आणायचं, भावानं घालायचं. आत्याला माहेर म्हणून एवढे बाबाच होते.

मी म्हणालो, "निघालोच आम्ही."

हे माझं पहिलं खोटं. बोलताना ते खोटं आहे असंही वाटलं नाही. फोन ठेवला आणि मांडवाच्या कनातीतून आत बघितलं. बाबा पाटावर बसून यजमानाच्या हातावर पळीनं पाणी सोडत होते. समोर नवरी, हिरव्या चुड्यात, झोप न झालेल्या डोळ्यांची. मागे सातआठशे माणसांचा स्वयंपाक. मी मनात म्हटलं, आता यांना सांगितलं की यांना सुतक लागलं. सुतक लागलं की उठावं लागेल. तिथीच्या दिवशी दुसरा भटजी मिळणं अशक्य. जालन्यापर्यंतचे सगळे कुठे ना कुठे बसलेले. मला विचारलं तर माझी झेप सत्यनारायणापर्यंत. या पोरीचं लग्न मोडलं तर आमच्यामुळे. आणि मग मला तो मामा आठवला, आणि मी बाबांसारखा शहाणा झालो.

आत्याचं सुतक भाच्याला लागतं की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. विचारायचं तर बाबांनाच विचारावं लागलं असतं. म्हणून मी आपला हात धुऊन परत पुड्या बांधायला बसलो.

मुहूर्त बारा पंचवीसचा असला तरी वरात गावाच्या वेशीतच अडकली. डीजेवाल्याचं आणि नवरदेवाच्या मित्रांचं एकमेकांवाचून भागेना. बाबा मांडवात उभे राहून मला म्हणाले, "जाऊन सांग त्यांले, म्हणा महाराजाचे पाय दुखून राह्यले." मी गेलो, सांगितलं, त्यांनी मलाच नाचायला ओढलं. खिशात फोन थरथरत होता, आणि मी दोन्ही हात वर करून तीन मिनिटं नाचलो. आत्या गेली त्या दिवशी मी नाचलो. हे मी आजवर कुठल्या बैठकीत सांगितलेलं नाही.

सोनाळ्याहून मधूनमधून फोन येत होते. मी म्हणायचो, "वाटेत आहोत." एकदा म्हणालो, "रस्त्याचं काम चालू आहे." आतेभाऊ बिचारा म्हणायचा, "सावकाश या, मामाले त्रास नको देऊ. आम्ही थांबलो."

अक्षता दीड वाजता पडल्या. त्या दिवशी बाबांचा आवाज इतका लागला होता की वऱ्हाडातल्या बायकाही गप्प होत्या. मग कन्यादान, होम, सप्तपदी. बाबा एकही विधी गाळत नाहीत, घाई करत नाहीत. तीन वाजता सगळं संपलं आणि यजमानांनी त्यांना हाताला धरून पंगतीत नेलं. मी म्हटलं, चार तासांचा प्रवास, उपाशी कसं न्यायचं? जेवू दे. बाबांनी वरणभात खाल्ला, बुंदी मागून घेतली, आणि वाढणाऱ्या पोरीला म्हणाले, "वांग्याची भाजी झकास झाली, बाई." मी शेजारी बसून बोटानं मिठाशी खेळत होतो.

हात धुताना मी त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि सांगितलं.

ते तसेच ओंजळ धरून उभे राहिले. "कधी?"

"सकाळी."

"सकाळी म्हणजे?"

"दहाला फोन आला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मृत्यूची बातमी कानावर आली की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, असं शास्त्र आहे. मांडवामागे पाण्याचा टँकर उभा होता. बाबा तिकडे गेले, तोटी सोडली आणि खाली बसले. धोतर, उपरणं, डोक्यावरची टोपी, सगळ्यासकट. टँकरवाला म्हणाला, "महाराज, आवो, हे प्यायचं पाणी हाये!" मग माझा चेहरा बघून त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला.

यजमान धावत आले. काय झालं ते कळल्यावर ते माझ्यावरच उखडले. "आवो, काऊन नाही सांगितलं तुम्ही? माझी पोरगी काय मुहूर्ताच्या फटफटीवर बसून पळून चालली होती? दोन तास नाचले ते पोट्टे, आम्ही काही बोललो का त्यांले? महाराजासाठी नसतो थांबलो? उद्या लावलं असतं लग्न!" त्यांचे डोळे भरून आले होते. सुतक, मुहूर्त, दुसरा भटजी, ही माझी सगळी कारणं त्यांच्यासमोर फुकट होती. ज्याच्या घरचं कार्य, त्याला मी विचारलंच नव्हतं.

बाबा ओलेच गाडीत बसले. सीटवरून पाणी खाली ठिबकत होतं. चिखलीपर्यंत धोतर वाळलं. चिखलीनंतर ते एकदाच बोलले, "लुगडं घ्यायचं आहे. खामगावले थांबव."

खामगावला आम्ही सहाच्या सुमाराला पोचलो. बाजारातल्या एका दुकानात बाबा गादीवर बसले. दुकानदार उमदा. "आजींसाठी का महाराज? काही कार्यक्रम?"

"बहिणीसाठी," बाबा म्हणाले. "माहेरचं द्यायचं आहे. हिरवं दाखवा."

त्यानं आठदहा टाकली. बाबा प्रत्येकाचा काठ अंगठ्यानं चाचपून बघत होते. "हे नको, जर टोचते. तिची कातडी लय नाजूक. लहानपणी परकराचा काठ टोचला तरी रडायची." दुकानदार आणखी मऊ काठाची काढू लागला, आणि माझ्या खिशात फोन वाजला. मी पायरीवर आलो.

"आताच दिला अग्नी," आतेभाऊ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "पावणेसहापर्यंत थांबलो. मंग मोठी माणसं म्हणे, दिवस बुडायच्या आत झालं पाहिजे. बर्फही राह्यला नव्हता. तुम्ही कुठं आहा?"

"खामगाव."

"या सावकाश."

मी आत आलो. बाबा दोन लुगडी मांडीवर घेऊन बसले होते. "यातलं कोणतं रे?"

मी तेव्हा सांगायला हवं होतं. आता ना मुहूर्त होता, ना मांडव, ना कुणाची पोरगी. सुतक तर लागलेलंच होतं. लपवायला एकही कारण उरलं नव्हतं. पण सकाळपासून जो माणूस लपवत आलेला असतो, त्याची जीभ त्याच वळणावर चालते. मी म्हणालो, "ते गर्द हिरवं."

त्यांनी ते घेतलं. पिशवीत न घालता मांडीवर ठेवलं. शेगावपासून सोनाळ्यापर्यंत त्यांचा हात त्यावर होता, आणि मी समोरच्या रस्त्याकडे इतक्या निष्ठेनं बघत होतो की पस्तीस वर्षांच्या ड्रायव्हिंगमध्ये कधी बघितलं नसेल.

सोनाळ्याला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अंगण धुतलेलं, ओलं. माणसं स्मशानातून परतून, आंघोळी करून ओट्यावर बसली होती. बाबा लुगडं दोन्ही हातांवर धरून फाटकातून आत शिरले, आणि ओल्या अंगणाकडे बघून थांबले. गेलेला माणूस घरात असताना अंगण धूत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी हे सगळं करवून घेतलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नाही.

आत्याचे यजमान, माझे आतोबा, ओट्यावरून उठले. "लय वाट पाहिली, भाऊ," एवढंच म्हणाले आणि बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. लुगडं दोघांच्या मध्ये चेपलं गेलं.

मी खांबाला टेकून उभा होतो. आतेभावानं पाणी आणून दिलं.

मग बाबांनी विचारलं, "तिच्यावर काय घातलं?"

कडेला बसलेली एक म्हातारी बोलली. बौद्ध वस्तीत राहणारी, पूर्वी अंगणवाडी चालवायची, आत्याची तीस वर्षांची मैत्रीण. "माझं घातलं, दादा. मी बी तिच्यासारखी मलकापूरकडचीच. म्हटलं, माहेराकडचं काहीतरी पाहिजे तिच्या अंगावर. नवंच होतं, लेकानं दिवाळीले घेतलेलं. चाललं ना?"

ओट्यावरच्या दोघातिघांनी बाबांकडे बघितलं. बाबा निवाडा देतील, असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्यापेक्षा जास्त शास्त्र त्या गावात कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांनी निवाडा दिला नाही. ते तिच्यासमोर खाली बसले, हातातलं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "हे घे. याचे काठ टोचत नाहीत."

ती "नाही, नाही" म्हणत राहिली. मग तिनं ते उलगडून काठावरून हात फिरवला आणि पदर तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी वान नदीच्या काठावर अस्थी गोळा केल्या. तिथला भटजी तरुण होता, मोबाइलमध्ये बघून मंत्र म्हणत होता आणि एका ठिकाणी चक्क एक ओळ गाळून गेला. मी बाबांकडे पाहिलं. एरवी त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं असतं. ते दगडावर बसून राखेकडे बघत होते.

परत येताना जळगाव जामोदच्या पुढे आम्ही चहाला थांबलो. बाबा खाटेवर बसले. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते माझ्याशी सलग बोलले, आणि तेही आपलं काम शिकवल्यासारखं, सावकाश.

"वरण माहीत आहे ना तुले? सकाळी यजमान ब्राह्मणाच्या हातात सुपारी देते, का हे कार्य तुमच्याकडं. ती सुपारी घेतली का कार्य संपेपर्यंत त्या ब्राह्मणाले सुतक लागत नाही. दहाजण मेले तरी नाही. साडेआठले घेतली होती मी सुपारी. तू समोरच होता."

मी समोरच होतो. ती सुपारी पिशवीतून काढून यजमानांना मीच दिली होती.

"म्हणजे तुम्ही उठला नसता?"

"कायले उठतो? कळलं असतं तरी लग्न लावलंच असतं. फक्त अक्षता पडल्या का निघालो असतो. मागचे विधी दुसऱ्या दिवशीही करता येतात, कोणीही करू शकते." त्यांनी बशीत चहा ओतला. "पण तुले तरी कसं माहीत असणार? तू अर्धंच शिकला. अन् ते अर्धं माझंच पाहून शिकला."

मी म्हटलं, "बाबा, रागवा ना मला."

"कायले?"

माझ्याकडे उत्तर होतं. खामगावचं दुकान होतं, फोन होता, गर्द हिरवं होतं. ते सांगायची हीच वेळ होती. मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून आत पडलं, तर चमचा मागायला उठलो. बावन्न वर्षांचा माणूस, बापाला एक वाक्य सांगायचं टाळण्यासाठी टपरीवाल्याशी चमच्यावरून गप्पा मारत उभा राहिला.

परत आलो तेव्हा बाबा बोटांवर काहीतरी मोजत होते. तिथ्या मोजताना मोजतात तसं, अंगठा पेरांवरून सरकवत.

"कितीपर्यंत थांबले ते?" त्यांनी विचारलं.

"पावणेसहा."

"दीडले अक्षता पडल्या," ते म्हणाले. अंगठा एकेक पेर सरकला. दीड, अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच. शेवटच्या पेरावर तो थांबला आणि तिथेच राहिला. समोरून कापसाच्या सरकीचा एक ट्रक धूळ उडवत गेला.

"चहा गार होऊन राह्यला तुझा," बाबा म्हणाले.